न चाखता केलेले चॉप्स

त्या बुधवारी भाषेच्या प्रश्नावर गावात कसलासा मोर्चा निघणार होता, म्हणून मी गणित शिकवते ती शाळा दुपारीच सोडली. मी घरी आले तर दाराला कुलूप. आई निपाणीहून माझ्याकडं राहायला आल्याला वर्ष होत आलं होतं, पण ती एकटी कुठं जात नसे. कोपऱ्यावरच्या दुकानातून साखर आणायची झाली तरी माझी वाट बघायची. मी पर्समध्ये किल्ली शोधत उभी होते आणि जिन्यात एक वास भरून राहिला होता. मिरीचा, लसणीचा आणि कशाच्यातरी चरबीचा. मटणाचा नव्हता एवढं मला कळलं. समोरच्या आंटींचं दार उघडं होतं. आतून तव्यावर काहीतरी तडतडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आईचा, "आता उलटू?"

मी तशीच आत गेले. आंटी स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये, पट्ट्यानं गळ्यात अडकवलेला. गॅससमोर आमची आई, पदर कमरेला खोचून, हातात सांडशी घेऊन. बिडाच्या काळ्या तव्यात हाडासकट मांसाचे दोन जाड तुकडे होते आणि त्यांच्या कडेला पांढऱ्या चरबीची पट्टी होती.

"कशाचं आहे हे?" मी विचारलं.

आईनं मागं न बघताच सांगितलं, "डुकराचं."

हा शब्द मी तिच्या तोंडून आयुष्यात कधी ऐकला नव्हता. निपाणीत आमच्या घरामागं तंबाखूची वखार होती आणि वखारीच्या कडेनं गटार. तिथं डुकरं लोळायची. आई परसात काठी आणि पाण्याची बादली ठेवायची. एखादं आत घुसलं तर ती जागा शेणानं सारवून घ्यायची. बोलायचं झालंच तर "ते जनावर" म्हणायची, तेही जेवताना नाही. कोंबडी, मटण आमच्यात चालायचं, पण सोमवार, गुरुवार, शनिवार सोडून, आणि त्याची भांडीसुद्धा वेगळी. ती बाई आता दुसऱ्याच्या घरात उभी राहून त्या जनावराचं मांस भाजत होती, आणि चेहऱ्यावर काही नाही. भाकरी उलटताना असतो तसा चेहरा.

 मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिले. आंटीच अवघडल्या. म्हणाल्या, "बाईनं ऐकलंच नाही गं माझं. मी नको नको म्हटलं."

झालं होतं ते असं. आंटी मूळच्या गोव्याकडच्या, पण सगळं आयुष्य बेळगावात, इथल्या दवाखान्यांत नर्स म्हणून काढलेलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा मस्कतला. महिन्याभरापूर्वी ओल्या जिन्यावरून त्या घसरल्या आणि मनगट मोडलं. तेव्हापासून आई त्यांना दोन्ही वेळचा डबा देत होती. भाकरी, पिठलं, मुगाची उसळ, कधी वांगं. आंटी खायच्या, डबा धुऊन परत द्यायच्या, पण एका हातानं धुतलेला डबा आई पुन्हा धुवायची. हळूहळू डब्यात अन्न उरायला लागलं. आईनं विचारलं, तुम्हाला काय खावंसं वाटतंय सांगा. आंटींनी आधी डबा ओट्यावर ठेवला. मग म्हणाल्या, मुलगा यायचा आहे. तो आला की पहिल्या दिवशी मी त्याला चॉप्स करून घालते, कांद्याच्या सॉसमधले. यंदा कसं करायचं तेच कळत नाही. तोवर प्लास्टर निघेल, पण हाताला जोर कुठला.

आणि आमच्या आईनं त्यांना सांगितलं होतं, "कसं करायचं ते सांगा. मी करून बघती."

म्हणजे त्या दिवशी चालली होती ती तालीम होती.

तालीम फसली. आईच्या हिशेबानं मांस म्हणजे शिजायलाच हवं, कच्चं राहिलं तर पोटात दुखणार. आंटी "पुरे, पुरे" म्हणत असताना तिनं पाणी घालून झाकण ठेवलं आणि पाणी आटेपर्यंत चांगलं रटरटू दिलं. मग तुकडे ताटलीत काढले. तव्याच्या तळाला तपकिरी खरपूड लागली होती. आईनं तवा उचलला, नळाखाली धरला आणि घासणीनं एकदम लख्ख केला. आंटींनी डावा हात कपाळाला लावला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "त्या खरपुडीचाच तर सॉस."

आई तवा हातात धरून बघत राहिली. करपलेलं काढून टाकायचं असतं, एवढं तिला सत्तर वर्षं माहीत होतं. ती माझ्याकडं बघायला लागली, जणू गणिताच्या बाईंनी सांगावं यातलं बरोबर काय. मी काय सांगणार? मीही कधी खरपुडीचा सॉस ऐकला नव्हता.

ते चॉप्स चपलेच्या तळव्यासारखे झाले होते. आंटींनी एक तुकडा तोंडात घोळवला आणि छान झालाय म्हणाल्या. पण मग त्यांनीच सांगितलं की त्यांच्या छान म्हणण्याला काही अर्थ नाही. मोठ्या साथीत ताप आला होता, तेव्हापासून त्यांच्या जिभेची चव गेली ती गेलीच. खारट, आंबट, सगळं त्यांना ओल्या कागदासारखं लागायचं. एवढी वर्षं त्या अंदाजानं, हाताच्या सवयीनं करत होत्या. आता हातही नव्हता.

घरी आल्यावर मी आईला विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, त्यांचा ल्योक येणार हाय. मी म्हटलं, तो हॉटेलात जेवेल. ती म्हणाली, व्हय, जेवंल. आणि तांदूळ निवडायला बसली. तिनं आंघोळ केली होती का ते मी बघत होते. केली नव्हती. फक्त हातपाय धुतले होते. यावरून काय समजायचं ते मला कळेना.

पुढच्या रविवारी मला कॅम्पात जाऊन मांस आणावं लागलं. दुकान मला माहीत होतं, रोज शाळेला जाताना मी त्याच्यासमोरून जाते, पण थांबले कधी नव्हते. स्कूटर जरा पुढं लावली. ओळखीचं कुणी बघेल अशी धास्ती होती, आणि बघितलं तर बघितलं, मी काय चोरी करतेय, असंही वाटत होतं. दुकानदार कन्नडमध्ये म्हणाला, जाड कापू की पातळ? हाड ठेवायचं? मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी बाहेर येऊन आईला फोन लावला.

आई फोनवर घडाघडा म्हणाली, "दोन बोटं जाड. हाड असू दे. कडंची चरबी काढू नको म्हणावं, आनि दाबून बघ, लिबलिबीत नको."

जन्मभर तेच घेत आल्यासारखी. मी आत जाऊन तिचे शब्द कन्नडमध्ये करून सांगितले. दुकानदारानं मान हलवली आणि मला दोनदा वहिनी म्हटलं.

दुसऱ्या तालमीला मला बोलावून घेतलं होतं. आता आईला क्रम पाठ होता. मीठ, मिरी, आलं-लसूण आणि चमचाभर व्हिनेगर लावून मांस झाकून ठेवलेलं. तवा इतका तापवायचा की पाण्याचा थेंब टाकला तर तो पळत सुटावा. मग तुकडे आधी आडवे टाकायचे नाहीत. चरबीच्या कडेवर उभे धरायचे, म्हणजे चरबी वितळून तेच तेल होतं. आई सांडशीनं दोन तुकडे तव्यात उभे धरून उभी होती आणि आंटी खुर्चीतून तिला "अजून, अजून" म्हणत होत्या. मग आडवे. हलवायचे नाहीत. एकदाच उलटायचे. या वेळी पाणी नाही, झाकण नाही. आईचा हात झाकणाकडं गेला होता, मी बघितला, पण तिनं तो मागं घेतला.

तुकडे काढून ताटलीत झाकून ठेवले. त्याच तव्यात बारीक कांदा. कांदा मऊ झाल्यावर लसूण, मग व्हिनेगर आणि अर्धी वाटी पाणी. आंटींनी लाकडी उलथनं आईच्या हातात दिलं. आई तळाची खरपूड खरवडू लागली तशी ती सुटत गेली आणि पांढुरकं पाणी बघता बघता तपकिरी झालं. ताटलीत मांसाचा रस सुटला होता, तोही आंटींनी ओतायला लावला.

"आता मीठ बघ," आंटी म्हणाल्या. पण बघणार कोण?

आंटींना चव नव्हती. आई ते तोंडात घालणार नव्हती. दोघींनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "आई, तुला न चाखता जमतंय की इतकं. अंदाजानं घाल."

"नैवेद्य न चाखताच करतोय आपण," आई म्हणाली. "पर त्यो देवाला. देव नावं ठेवत न्हाय. हा मानसाला हाय."

आणि तिनं उलथन्यावरचा थेंब माझ्या तळहातावर टाकला.

त्या क्षणी मला नेमकं काय वाटलं ते मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे. किळस म्हणावी तर ती नव्हती. वखारीमागचं गटार डोळ्यांसमोर आलं, हे खरं. पण जिनं मला त्या गटाराची किळस शिकवली तीच समोर उभी राहून मला चाटायला सांगत होती, तर किळस कुणाच्या नावानं करायची? मी चाटलं. आंबट लागलं, खारट, मग मिरी, आणि त्याखाली काहीतरी गोडसर, भरीव, ज्याला माझ्याकडं शब्द नव्हता.

"आंबट जास्त आहे," मी म्हटलं.

आई आमच्या घरी गेली आणि भावानं पाठवलेल्या ढेपेतला गुळाचा खडा घेऊन आली. आंटी म्हणाल्या, यात गूळ नाही घालत कुणी. आईनं तोवर टाकला होता. मी परत चाटलं. आता बरोबर होतं. मी मान हलवली आणि दोघी म्हाताऱ्या माझ्या मानेकडं अशा बघत राहिल्या की मलाच लाज वाटली.

प्लास्टर निघालं. मनगट बारीक झालं होतं आणि जरा वाकडंच बसलं होतं. मुलगा रविवारी दुपारच्या विमानानं आला. सकाळपासून आई आंटींच्या घरात होती. विमान उतरल्याचा फोन आला तसं तिनं सॉसखालचा गॅस बंद केला, ओटा पुसला, भराभरा आमच्या घरी आली, साबणानं हात धुतले आणि लुगडं बदलायला घेतलं.

"एवढी गडबड कशाला?" मी म्हटलं. "आपल्याला जेवायलाच बोलावलंय ना?"

"पावनी म्हनून बोलावलंय. रांधनारी म्हनून न्हाय."

मग तिनं सांगितलं. आंटींनी पडल्याचं मुलाला कळवलंच नव्हतं. मागच्या खेपेला तो म्हणाला होता, आता काही झालं तर मी ऐकणार नाही, हा फ्लॅट विकायचा आणि तू माझ्याबरोबर यायचं. पडल्यापासून आंटी फोनवर बोलायच्या, पण हात दाखवायच्या नाहीत. आज चॉप्स नेहमीसारखे झाले की आपली आई ठणठणीत आहे असं त्याला वाटणार होतं. हे सगळं आमच्या आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मला एकदम राग आला, पण कुणाचा ते ठरवता येईना. मी म्हटलं, "त्यांना कुकरचं झाकण लावता येत नाही. रात्री पुन्हा पडल्या तर? आपण त्यांना मदत करतोय का अडकवून ठेवतोय?"

आई निऱ्या करत होती. थांबली. म्हणाली, "जायचं का ऱ्हायचं ते त्येंनी ठरवायचं. मोडक्या हातानं ठरवायचं न्हाय."

आणि पदर नीट करून ती निघालीसुद्धा. मी मागं राहिले. बाबा गेल्यावर आईनं निपाणीतलं घर सोडून बेळगावात यायचं, हे मी आणि भावानं फोनवर ठरवलं होतं. तिला सांगितलं होतं. तिनं बॅग भरली होती. तिला विचारलं होतं का, हे मी आठवू लागले, आणि विचारल्याचं काही मला आठवेना. ती आता आंटींबद्दल बोलली की स्वतःबद्दल? विचारायला मी दारापर्यंत गेले, पण समोरून हसण्याचे आवाज येत होते.

मुलगा माझ्याच वयाचा, केस विरळ झालेला, थकलेला माणूस होता. त्यानं माझ्या आईला वाकून नमस्कार केला. टेबलावर चॉप्स, पाव, आणि आईसाठी वेगळ्या पातेल्यात केलेली बटाट्याची भाजी न् भात. आंटींच्या ताटलीतला चॉप आधीच हाडावरून सोडवून बारीक कापलेला होता. त्या डाव्या हातात काटा धरून जेवत होत्या, उजवा मांडीवर, लांब बाहीत.

त्यानं पहिला घास खाल्ला. थांबला. कोकणीत आपल्या आईला काहीतरी विचारलं. मला त्यातला "गोड" एवढाच शब्द कळला. आंटी हसून पुष्कळ काही बोलल्या, इतकं लांबलचक की साध्या उत्तराला एवढं लागत नाही. तो ऐकत होता आणि त्यांच्या डाव्या हाताकडं बघत होता. मग त्यानं दुसरा चॉप घेतला, पावानं ताटली पुसून खाल्ली. आमची आई मान खाली घालून भात कालवत होती. मीही एक चॉप घेतला होता. मऊ झाला होता, कडेची चरबी कुरकुरीत. मला तो आवडला, आणि आवडल्यामुळं मी आणखीच गोंधळले. आईसमोर ते आवडलेलं दाखवावं की लपवावं?

जेवणानंतर मी ताटल्या देऊन परत येत होते तेव्हा तो जिन्यात उभा होता. फोन हातात होता, पण बोलत नव्हता. मला बघून त्यानं हळू आवाजात, बेळगावच्या मुलांच्या मराठीत विचारलं, "आज जेवण कुणी केलं?"

खोटं बोलायची मी तयारी केली नव्हती आणि खरं बोलायचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

"आईनं," मी म्हटलं.

तो माझ्याकडं बघत राहिला. कुणाच्या, असं त्यानं विचारलं नाही. मान हलवून "थँक्स" म्हणाला आणि आत गेला. त्यानं कुठली आई धरली ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी कुठली म्हटली होती, तेही नीट सांगता यायचं नाही.

तो आठवडाभर राहिला. फ्लॅट विकायचं नाव काढलं नाही. जायच्या आदल्या दिवशी मात्र त्यानं माणसं बोलावून जिन्याला स्टीलचा कठडा बसवून घेतला, खालपासून आमच्या मजल्यापर्यंत, आणि भांड्याला बाई लावून दिली. आंटींना वाटतं, त्याला काही समजलं नाही, तो पहिल्यापासूनच असा काळजीखोर. आमच्या आईला वाटतं, आल्या दिवशी बॅग चढवताना तो स्वतःच घसरला असणार, म्हणून कठडा. मला काय वाटतं ते रोज बदलतं. कधी वाटतं त्याला सगळं कळलं होतं आणि त्यानं आपल्या आईला खोटं बोलू दिलं. कधी वाटतं, मी त्याला अर्धंच सांगितलं आणि उद्या आंटींना काही झालं तर तो मला येऊन विचारेल. 

आंटींचं मनगट वाकडंच राहिलं. चॉप्स आता महिन्या-दोन महिन्यांनी होतात. करते आई, मीठ सांगते मी.

गेल्या महिन्यात मी आईला विचारलं. ती मेथी निवडत होती. मी म्हटलं, "आई, तुला निपाणीला परत जायचंय का?"

तिचा हात थांबला. "का गं? मी जड झाले व्हय?"

"नाही. नुसतं विचारतेय. तेव्हा विचारलं नव्हतं."

ती पुन्हा मेथीकडं वळली. काड्या एकीकडं, पानं एकीकडं करत राहिली. मला वाटलं रडेल, नाहीतर रागवेल. तसलं काही झालं नाही. शेवटी म्हणाली, "इचार करून सांगती."

अजून तिनं सांगितलेलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. परवा शाळेतून आले तर दाराला कुलूप होतं आणि आंटींच्याही. अंधार पडायच्या सुमाराला दोघी रिक्षातून उतरल्या. आंटींच्या हातात बेकरीची पिशवी, आईच्या हातात दुधी भोपळा. कुठं गेला होता म्हटलं तर आई म्हणाली, "हितंच." आणि कठड्याला धरून वर चढू लागली.